मागे कोणी राहिलं नाही ना?

नाहूरच्या आमच्या सोसायटीत माझ्या नोकरीबद्दल बरेच गैरसमज आहेत. तळमजल्यावरच्या काकूंना वाटतं मी बँकेत होते. सेक्रेटरी मला 'चेकिंगवाल्या मॅडम' म्हणतात आणि लिफ्ट दुरुस्त करायला माणूस आला की मला त्याच्या डोक्यावर उभं करतात. माझा सख्खा भाऊ पाहुण्यांना सांगतो, "विशाखा कॉम्प्युटरच्या चुका काढायची." त्यातल्या त्यात हे खरं, पण तेही पूर्ण नाही. मी माणसांनी आखलेल्या कामातल्या चुका काढायचे, आणि त्याही काम सुरू व्हायच्या आधी. आता अंधेरीचं ऑफिस सुटलं. बोलावतात तेव्हा जाते. पण या कामाबद्दल सांगायला बसले की अजूनही माझ्या अंगात वारं शिरतं, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

कुठलाही दवाखाना, कारखाना, विमा कंपनी घ्या. तिथलं काम ठरलेल्या वाटेने जातं. अर्ज आला, कोणीतरी तपासला, दोन खात्यांकडे पाठवला, दोघांचं उत्तर आलं, सही झाली, संपला. ही वाट चौकोन आणि बाण काढून आखतात, तिला प्रोसेस मॉडेल म्हणतात, आणि पुढे सगळं सॉफ्टवेअर त्या आकृतीच्या हुकमाने चालतं. पूर्वी एखादा कागद अडला तर शिपाई उठून विचारायला जायचा. सॉफ्टवेअर उठत नाही. मुलुंडच्या एका कारखान्यात गेटवाला स्टोअरच्या सहीची वाट बघायचा आणि स्टोअरवाला गेटच्या शिक्क्याची. मधे मालाने भरलेला टेम्पो उन्हात उभा, आणि दोन्हीकडची माणसं मन लावून वाट बघतायत.

नव्या माणसाला समजवताना मी त्या आकृतीवर कॅरमची सोंगटी ठेवायचे. ही सोंगटी म्हणजे तुमचा अर्ज, सरकवा. एका चौकोनातून एकदम दोन बाण निघाले की सोंगटीच्या दोन सोंगट्या होतात. पुढे ते बाण जिथे मिळतात तिथे दोन्ही पोचल्याशिवाय पुढे जायचं नाही. खेळ एवढाच. मग मी तीन प्रश्न विचारते. निघालेली सोंगटी कुठेही असली तरी शेवटाला पोचू शकते ना? शेवट झाला तेव्हा मागे कुठल्या चौकोनात कोणी राहिलं नाही ना? आणि जिथे कधीच कोणी पोचणार नाही असा चौकोन उगाच काढून ठेवलेला नाही ना? यातला दुसरा प्रश्न माझा लाडका.

चाचणी करणारे चार वाटा चालून बघतात आणि ठीक आहे म्हणतात. आमचं काम सगळ्या वाटा बघून सिद्ध करायचं. त्यासाठी आमच्याकडे एक प्रोग्रॅम होता. तो आकृती गणितात उतरवून घ्यायचा आणि शक्य तेवढी प्रत्येक चाल तपासायचा. सगळं बरोबर असेल तर हिरवं. चूक असेल तर लाल, आणि नुसतं लाल नाही, तर इथून असा गेलास, मग असा वळलास आणि इथे अडकलास, अशी ती पूर्ण वाटच समोर मांडायचा. हिरवं दिसलं की आम्ही जेवायला जायचो. लाल दिसलं की मी खुर्चीतून उठून टेबलावरची पितळी घंटी बडवायचे. जी चूक अजून घडलीच नाही ती हातात धरायची, यातली मजा मला दुसऱ्या कशात आली नाही. लग्नातसुद्धा नाही, हे मी नवऱ्याला सांगितलेलं आहे.

ही वाट गिऱ्हाइकाला दाखवली की तो एकच वाक्य बोलायचा: "मॅडम, असं कधी होत नाही." बँकेतला साहेब हेच बोलला, दवाखान्यातला डॉक्टर हेच बोलला. घाटकोपरचे फरसाणवाले शेठ मात्र हे बोलू शकले नाहीत, कारण ते सगळं होऊन गेल्यावर आले होते.

शेठनी तक्रारींसाठी नवी व्यवस्था बसवली होती. ग्राहकाने तक्रार केली की माफीचा निरोप आणि फरसाणचा नवा डबा घरपोच. चांगलीच कल्पना. फक्त आकृती काढणाऱ्याने 'ग्राहकाचा निरोप आला' हा बाण सरळ सुरुवातीला नेऊन जोडला होता. बोरिवलीच्या एका आजोबांना मऊ पडलेली शेव मिळाली, त्यांनी कळवलं, डबा आला. आजोबा जुन्या वळणाचे, त्यांनी आभाराचा निरोप पाठवला. व्यवस्थेने तो नवी तक्रार म्हणून घेतला आणि आणखी एक डबा पाठवला. आजोबांनी पुन्हा आभार मानले. शेवटी शेठना वाटलं हा कोण कटकट्या माणूस, म्हणून ते स्वतः बोरिवलीला गेले. आजोबांनी दार उघडलं आणि हात जोडले, "तुम्हीच का ते सज्जन? अहो, पुरे आता. बिल्डिंगमध्येसुद्धा कोणी घेत नाही."

ती आकृती आमच्या प्रोग्रॅमला दिली तर तो हिरवंही म्हणेना आणि लालही म्हणेना. नुसता कॉम्प्युटरचा पंखा घरघरवत मोजत बसला. सोंगटीला सोंगटी होत होती, त्याची मोजणी संपणार कशी? हे घरघरणं लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

आता मनोरीची गोष्ट.

परेश माझ्या हाताखाली शिकलेला. पुढे त्याने मालाडला स्वतःचं छोटं सॉफ्टवेअरचं दुकान काढलं. मनोरीच्या मच्छीमारांच्या एका सोसायटीसाठी कोणा देणगीदाराच्या पैशातून त्याला ॲप बनवायचं काम मिळालं होतं. बोट निघाली की जेटीवर नोंद करायची, परतायची वेळ सांगायची. वेळ टळली की सोसायटीच्या ऑफिसात भोंगा वाजणार, शोध सुरू होणार, बचाव पथकाला आणि आसपासच्या बोटींना निरोप जाणार. हरवलेली बोट परत आली की शोध बंद. हवामानाचा इशारा आला की निघण्याची नोंदच बंद, म्हणजे कोणी बाहेर पडू नये. नारळी पौर्णिमेला बोटींची पूजा झाली की ॲप सुरू करायचं ठरलं होतं.

"ताई, काम झालंय सगळं," परेश म्हणाला. "फक्त एकदा पडताळून द्या. देणगीवाल्यांना दाखवायला बरं पडतं."

मी घरीच प्रोग्रॅमला आकृती दिली. पहिल्या फटक्यात हिरवं. निघालेली प्रत्येक बोट एकतर परत येते, नाहीतर तिचा शोध सुरू होतो. कोणी अडकत नाही, कोणी मागे राहत नाही. आकृती खरंच सुबक होती आणि परेशचा मला अभिमानही वाटला.

पण माझी एक खोड आहे. सही करण्याआधी मी ती आकृती खडूने जमिनीवर काढते आणि ज्यांचं काम आहे त्यांनाच सोंगट्या करून त्यावर चालवते. अंधेरीच्या पार्किंगमध्ये मी टाय लावलेल्या साहेबांना असं चालवलेलं आहे. आधी लाजतात, मग रंगतात, मग वॉचमनलाही खेळात घेतात. कागदावर माणूस मान डोलावतो. पायांनी चालताना मात्र त्याला आपलं खरं काम आठवतं.

म्हणून मी मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला गेले. सोसायटीची चेअरमन तारामती. माझ्याच वयाची, कपाळ रुंद, आवाज जेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. मी "तुम्ही" म्हणून सुरुवात केली तर म्हणाली, "तुम्ही काय करते गं, मी काय कलेक्टर हाय?" मग आम्ही तारा आणि विशाखा झालो. माझ्याशी ती शहरातल्यासारखं बोलायची. चिडली की कोळी बोलीत शिरायची आणि मग मला निम्मंच कळायचं.

मासळी सुकवायचा सिमेंटचा मोठा ओटा मोकळा होता. त्यावर मी आकृती काढली. पोरंसोरं जमली, बायका टोपल्या ठेवून उभ्या राहिल्या. ताराचा मुलगा रुपेश, तिच्या बोटीचा नाखवा, एका चौकोनात उभा राहिला. नाखवा म्हणजे बोटीचा कप्तान. दुसरा एक नाखवा दुसऱ्या चौकोनात. परेश मोबाइल घेऊन बाजूला.

"रुपेश, तू बंदरावर आहेस," मी म्हटलं. "हा समुद्रात गेलाय. आता हवामानाचा इशारा आला. निघणं बंद. याची परतायची वेळ टळली. भोंगा वाजला. चला, पुढे कोण कुठे जाणार?"

तारा ऑफिसच्या चौकोनात गेली, बचाव पथकाला खोटाखोटा फोन लावला. सगळं आकृतीप्रमाणे. आणि रुपेश खडूची रेघ ओलांडून, ओट्यावरून खाली उतरून, पाण्याच्या दिशेने चालायला लागला.

सगळे हसले. "हा आपला नेहमीचाच," कोणीतरी म्हणालं. "कोणाला उशीर झाला की हा पहिला पळतो."

कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र हातातला खडू ठेवायचं भान राहिलं नाही. मी आकृतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. तो समुद्रात होता आणि माझ्या आकृतीत नव्हता. नोंद बंद असल्यामुळे त्याला निघाल्याचं सांगताच येत नव्हतं. न सांगता गेलेल्या माणसाची परतायची वेळ नाही, म्हणून त्याच्यासाठी भोंगा नाही. प्रोग्रॅमने हिरवं दाखवलं ते खोटं नव्हतं. त्याला रुपेश दिलाच नव्हता, तर तो बिचारा काय शोधणार?

मी खेळ थांबवला नाही. "पुढे चला," म्हटलं. "हरवलेली बोट आपली आपण परत आली. आता?"

दुसरा नाखवा 'परत' लिहिलेल्या चौकोनात आला. ताराने 'शोध बंद' वर पाय ठेवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रुपेश तिकडे माडाखाली उभा होता.

घरी येऊन चप्पल न काढताच बसले आणि आकृतीत एक नवी सोंगटी घातली: शोधायला गेलेला. मग माझा लाडका प्रश्न विचारला. शेवट झाला तेव्हा मागे कोणी राहिलं नाही ना?

लाल. आणि वाट अगदीच छोटी. इशारा आला, एक बोट उशिरा, शोधायला एक जण गेला, उशिराची बोट परत, शोध बंद, आणि एक सोंगटी समुद्रात तशीच. घंटी मी निरोपसमारंभात घरी आणली होती. ती मी इतकी वाजवली की नवरा स्वयंपाकघरातून ओरडला, "कळलं गं, सापडली."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो. मी ती वाट मांडली. परेशने डोकं धरलं.

"ताई, प्लीज. इशारा असताना कोणी जायचं नाही असा नियमच आहे. मी निघायचं बटण चालू ठेवलं तर उद्या म्हणतील ॲपनेच वादळात पाठवलं. वाट लागेल माझी. आणि अहो, असं कधी होत नाही."

बत्तीशी दाखवायची माझी जुनी सवय. हे वाक्य आलं की मी हसते. पण मी काही बोलायच्या आत तारा बोलली. आवाज चढवून नाही. ती हळू बोलू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

"असं झालंय," ती म्हणाली. "माझ्या घरात झालंय."

मग तिने सांगितलं. रुपेश लहान होता तेव्हा अशाच खराब हवेत एका बोटीला उशीर झाला. रुपेशचा बाप तिला शोधायला गेला. थोड्या वेळाने ती बोट दुसऱ्या अंगाने आपली आपण परत आली. सगळं गाव जेटीवर नाचलं. तारासुद्धा नाचली. गुलाल उडाला, लोक घरी गेले, आणि मग तिच्या ध्यानात आलं की जो शोधायला गेला त्याची वाट कोणीच बघत नाहीये. तेव्हा माणसं पुन्हा निघाली. पण मधला वेळ नाचण्यात गेला होता. तो आला नाही.

"कोणाची चुकी नाय," ती म्हणाली. "ज्याला शोधत होते तो आला ना. मग संपलंच वाटतं."

परेशने मोबाइल खाली ठेवला. खिडकीतून खाली जेटीवर रुपेश दिसत होता, बोटीला रंग लावत बसलेला. तारा त्याच्याकडे बघत म्हणाली, "आणि हा नियमाला नाय ऐकणार. बापावर गेलाय. मी अडवू नाय शकत. तुमचं ते यंत्र त्याला बघू शकेल का, तेवढं बोला."

माझ्या आयुष्यात इतकं नेमकं काम कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही लगेच बसलो. परवानगी वेगळी आणि नोंद वेगळी, हे पहिलं ठरलं. ॲप कोणालाही जा म्हणणार नाही. पण जो जातोय त्याला 'शोधाला निघालो' एवढं दाबता येईल, आणि त्याच्याही परतण्याची वेळ धरली जाईल. परेशने आकृती सुधारली, मी सोबत आणलेल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमला दिली. हिरवं नाही, लाल नाही. पंखा घरघरायला लागला.

मी परेशकडे बघितलं, परेशने माझ्याकडे. "फरसाण," आम्ही एकदमच म्हणालो. तारा बघतच राहिली.

झालं होतं असं, की शोधायला गेलेल्याला उशीर झाला की त्याचा वेगळा शोध, त्याला शोधायला गेलेल्याचा आणखी वेगळा शोध, आणि प्रत्येक शोधाचा वेगळा भोंगा. शेठच्या डब्यांसारखंच. प्रत्यक्षात ऑफिसातली बाई चौथ्या भोंग्याला वैतागून सगळेच बंद करून टाकणार. वेगवेगळे शोध नकोतच, हे आम्हाला उमगलं. शोध एकच. जो कोणी त्यासाठी समुद्रात उतरेल तो त्याच शोधात जोडला जाईल. आणि शोध बंद करायचं बटण, आत गेलेले सगळे परत आल्याशिवाय दाबलंच जाणार नाही. हरवलेली बोट आली तरी नाही. चेअरमनने दाबलं तरी नाही.

पुन्हा दिली. घरघर थांबली. हिरवं आलं.

सगळ्या वाटा बघून आलेलं ते हिरवं होतं. आजवर हिरवं दिसलं की मी जेवायला उठायचे. त्या दिवशी मी बसूनच राहिले आणि माझे डोळे भरून आले. परेश म्हणाला, "ताई, घंटी नाही आणली?" मी म्हटलं, ती चुकीसाठी असते रे.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडले, बोटी सजल्या, ॲप सुरू झालं. माझ्या फोनवरही परेशने ते घालून दिलं. आमच्या धंद्याची एक खंत असते. जे आम्ही टाळलं ते घडत नाही, म्हणून ते कोणाला दिसतही नाही. न बंद पडलेल्या कारखान्याबद्दल कोणी पेढे आणून देत नाही. आयुष्यभर मी अशाच न घडलेल्या गोष्टी केल्या आणि लोक मला लिफ्टवाल्यापाशी उभं करत राहिले.

मोसम निम्मा उलटला असेल. मी मुलुंडच्या बाजारात मेथी निवडून घेत होते. फोन वाजला. स्क्रीनवर हवामानाचा इशारा होता, खाली एका बोटीचं नाव आणि 'शोध सुरू'. थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली: शोधाला निघालो, रुपेश. मी मेथी परत ठेवली. भाजीवाली म्हणाली, "काय झालं ताई, ताजी आहे ना." ताराला फोन लावला, ती उचलेना. मग ओळ आली, हरवलेली बोट परत. मी स्क्रीनकडे बघत राहिले. शोध सुरूच होता. लाल पट्टी तशीच. इतकी वर्षं लाल बघून मी नाचले, आणि आज तेच लाल नकोसं वाटत होतं, आणि तरी मनात म्हणत होते, राहा, अजून जाऊ नकोस.

घरी आले, चहा केला, तो तसाच गार झाला. संध्याकाळी ताराचा फोन आला. मागे इतका गलका होता की आधी काही ऐकूच येईना.

"बोटीच्या पंख्यात जाळं अडकलेलं गं त्याच्या," ती ओरडून सांगत होती. "इंजिन बंद, वाहत चाललेला. ओढून आणला. आता समोर बसून वडा खातोय मेला."

"आणि ती पहिली बोट?"

"ती कधीच आली. आली तेव्हा पोरं ढोल घेऊन पळाली जेटीवर. मी ऑफिसातला स्क्रीन दाखवला. बोलले, शोध चालू हाय. कोणी नाचलं नाय विशाखा. सगळे उभे राहिले. लगेच आणखी दोन बोटी निघाल्या. तो येईपर्यंत सगळं गाव उभं होतं."

कामाची सवय सुटत नाही. मी विचारलं, "तारा, सगळे आले ना? त्या दोन बोटीसुद्धा? मागे कोणी राहिलं नाही ना?"

"सगळे आले. बटण आता दाबलं गेलं."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली, "मग नाचतोय ना. ऐक."

आणि तिने फोन गर्दीकडे धरला.